साइडकार: जोडीने लांब जायची गाडी



आजचा विषय आम्ही ठरवला नाही, तो गटाच्या बैठकीत आपोआप निघाला. चैत्रातल्या यात्रेला सप्तशृंग गडावर कसं जायचं, याची बोलणी चालली होती. कुणी म्हणालं एस.टी.ने, कुणी म्हणालं पिकअप करू. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "आम्ही तर बाई डब्यात बसून गेलो होतो." आम्हाला वाटलं, रेल्वेचा डबा. पण धुळ्याहून गडाकडे रेल्वे जाते कुठे? आजी हसल्या. "रेल्वेचा नाही गं. स्कूटरचा डबा!"

मग उलगडा झाला. आजींचे मालक नोकरीत होते आणि त्यांच्या स्कूटरला साइडकार लावलेली होती. ज्या बायांची वयं आज पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यांना ती आठवत असेल. स्कूटरच्या डाव्या अंगाला होडीसारखा पत्र्याचा डबा, त्याला एक चाक, आत गादी. पुढे छोटी काच असायची. जळगावात, धुळ्यात दवाखान्यासमोर, शाळेसमोर अशी एखादी गाडी उभी असायचीच. नवरा स्कूटरवर, बायको डब्यात, पोर तिच्या मांडीवर, दुसरं पोर स्कूटरवर बापाच्या पुढ्यात उभं. आजच्या पोरींना ती फक्त 'शोले'तल्या जय-वीरूची गाडी म्हणून माहीत आहे. तो सिनेमा 1975 चा.

आम्ही चौघींनी ठरवलं, या डब्याचा इतिहास शोधायचा. आणि शोधता शोधता लक्षात आलं की ही नुसती गाडीची गोष्ट नाही. बाई प्रवासाला निघाली की तिला बसायला कुठे मिळतं, हाच या सगळ्यातला प्रश्न आहे.

आधी मागे जाऊ या. खान्देशात लांबचा प्रवास म्हणजे बैलगाडी. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो, सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ताही धुळ्यातूनच जातो, त्यामुळे धुळं हे जुनं चौफुलीचं गाव. पण रस्ता असून बाईला काय उपयोग? ती निघायची ती माहेरी, लग्नाला, नाहीतर यात्रेला. सप्तशृंगीचं माहेर खान्देश, असं आपण मानतो, म्हणून गडावर जायचा मान आपला. त्यासाठी गाडी सजवायचं काम मात्र आठ-आठ दिवस चालायचं. बांबूच्या कमच्या वाकवून त्यावर ताडपत्री. खाली कडब्याचा थर, त्यावर गोधडी. चाकाची धाव सैल झाली असेल तर लोहाराकडे नेऊन बसवून घ्यायची. आखाला वंगण, आणि वाटेत लागेल म्हणून थोडं वंगण सोबत. गाडीखाली कंदील टांगायचा. दशम्या, चटणी, लोणचं हे बायांचं खातं.

यात एक बारीक गोष्ट आहे. बैलगाडीत ओझं पुढे जास्त झालं तर बैलांच्या मानेवर भार येतो. मागे जास्त झालं तर जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. म्हणून गाडीवान सांगायचा, "आत्या, जरा पुढे सरका." गाडीत बसलेली बाई नुसतं ओझं नसते, तिच्या बसण्यावर गाडीचा तोल असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोटारसायकलकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात फटफटी आली तेव्हा ती एकट्यासाठी होती. नवऱ्याला बायकोला घेऊन जायचं तर काय करणार? पहिल्यांदा मागे दोन चाकांची छोटी गाडी बांधून ओढली. तिच्यात बसणाऱ्या बाईच्या तोंडावर सगळी धूळ आणि धूर. शिवाय दोर किंवा दांडा सुटला तरी पुढच्याला पत्ता नसायचा. मग खुर्ची पुढे लावली, दोन चाकांवर. त्यात वारा तोंडावर आणि धडक झाली तर पहिला मार बसणाऱ्या बाईला. हाल दोन्हीकडे तिचेच.

शेवटी 1903 साली इंग्लंडमध्ये खुर्ची बाजूला आली. त्या वर्षी जानेवारीत तिथल्या एका मोटारसायकलच्या मासिकात व्यंगचित्र छापून आलं होतं, शेजारी खुर्ची जोडलेल्या गाडीचं. आणि त्याच महिन्यात लंडनजवळच्या एनफिल्ड गावातल्या ग्रॅहम नावाच्या माणसाने खरोखरच तशा जोडणीचं पेटंट मागितलं. पहिल्या साइडकार वेताच्या विणलेल्या असत, आपल्याकडच्या वेताच्या खुर्चीसारख्या. हलक्या, लवचिक, धक्का खाणाऱ्या. पत्रा नंतर आला. म्हणजे सुरुवात बुरुडकामापासून झाली, हे ऐकून आम्हाला बरं वाटलं.

शेजारी बसल्यावर बोलता येतं, वाट दाखवता येते, एकाने काही खायला काढलं तर दुसऱ्याला देता येतं. मोटार घ्यायची ऐपत नाही पण कुटुंब आहे, अशा कामगारांची ती गाडी झाली. पुढे 1922 साली ऑस्टिन कंपनीने छोटी स्वस्त मोटार काढली, तशाच आणखी आल्या, आणि तिकडे साइडकार हळूहळू मागे पडली.

पण त्याआधी आणि त्याच काळात बायांनी या गाडीवर काय करून दाखवलं, ते सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जायचं नाही.

1915 सालची गोष्ट. अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये एफी हॉचकिस नावाची तरुणी होती. तिने हार्ले-डेव्हिडसन गाडी घेतली, साइडकार लावली आणि त्यात आपल्या आईला, अ‍ॅव्हिसला बसवलं. मायलेकी निघाल्या अमेरिकेच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, थेट सॅन फ्रान्सिस्कोला, आणि परतही आल्या. जाऊन-येऊन सुमारे 9,000 मैल. रस्ते म्हणजे बहुतेक मातीचे, पावसात आपल्या काळ्या जमिनीसारखे. वाटेत टायरमधल्या ट्यूब संपल्या. आसपास दुकान नाही. एफीने काय करावं? अंथरायची घोंगडी कापली, तिची वळकटी केली आणि टायरमध्ये ठासून भरली. गाडी चालू! गोधडी शिवणाऱ्या बाईलाच असं सुचतं, असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं. बरोबर त्यांनी एका बरणीत आपल्याकडच्या समुद्राचं पाणी नेलं होतं, ते पलीकडच्या समुद्रात ओतलं. आपण गंगेचं पाणी आणतो, तसंच.

दुसरी जोडी इंग्लंडची. थेरेसा वॉलॅक आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरॉन. थेरेसा इंजिनिअरिंग शिकलेली, दोघीही शर्यतीत गाडी पळवणाऱ्या. त्यांनी लंडनहून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपटाउनला, जायचं ठरवलं. 11 डिसेंबर 1934 ला निघाल्या आणि 29 जुलै 1935 ला पोचल्या. साडेसात महिने. मधे सहारा वाळवंट. गाडी पॅन्थर नावाची, 600 सीसी, एकच सिलिंडर. तिला साइडकार, आणि साइडकारनेही भागेना म्हणून मागे सामानाची छोटी गाडी जोडलेली. तंबू, अंथरूण, पाणी, पेट्रोल, हत्यारं, सुटे भाग, सगळं त्यात.

वाळूत ती जोडगाडी रुतायची, या दोघी उतरून ढकलायच्या. वाळवंटात इंजिन निकामी झालं, तेव्हा तिथल्या लोकांच्या मदतीने गाडी ओढत आगादेझ नावाच्या गावापर्यंत आणली. तिथे थेरेसाने इंजिन पूर्ण खोललं आणि पुन्हा जुळवलं. आम्हाला यातलं सगळ्यात आवडलेलं हे, की दोघींपैकी कुणीच नुसती बसलेली नव्हती. हँडल आलटून पालटून. एक चालवायची तेव्हा दुसरी वाट बघायची, तोल सांभाळायची.

आपल्याकडे साइडकार आधी आली ती साहेबांची, पोलिसांची, फौजेची. सामान्य घरात आली ती स्कूटरबरोबर. 1955 साली मद्रासला एनफिल्डच्या बुलेटचं काम सुरू झालं, पण बुलेट जमीनदाराची नाहीतर फौजदाराची गाडी. नोकरदाराची गाडी म्हणजे स्कूटर. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना, आधी इटलीच्या व्हेस्पा स्कूटरच्या परवान्यावर, मग 1972 पासून स्वतःची 'चेतक'. साताऱ्याला 'प्रिया' बनायची. त्या काळी स्कूटर हवी म्हणून पैसे भरायचे आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबायचं. लग्नाआधी नाव नोंदवलं आणि पोरगं शाळेत गेल्यावर गाडी आली, अशा गोष्टी घरोघरी. मोटार तर स्वप्नातही नाही. मग स्कूटर आल्यावर तिला डबा जोडायचा, की झाली चार जणांची सोय.

स्कूटरला डबा शोभायचाही. या स्कूटरचं इंजिन उजव्या बाजूला असतं, म्हणजे वजन आधीच उजवीकडे. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या कडेने चालतं, म्हणून डबा डावीकडे. दोन्ही अंगांना भार. दुसरं म्हणजे पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टेपनी एकाच मापाची, आणि बहुतेक डब्यांनाही तेच चाक. पंक्चर कुठलंही असो, एक स्टेपनी पुरते. लांब जाणाऱ्याला याची किंमत कळते.

आता आजींच्या प्रवासाकडे परत येऊ. धुळं, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी अशी त्यांची वाट होती. आम्ही विचारलं, तयारी काय केली? आजींनी बोटं मोडून सांगितलं.

डब्याची मूळची गादी पातळ होती. त्यांनी घरच्या कापसाची जाड गादी भरली, पण मधे खोलगट ठेवली, म्हणजे वळणावर बाई सरकत नाही. खाकी ताडपत्रीचं छप्पर स्वतः शिवलं, सुईचं टोक मोडेपर्यंत. पुढे बटणं, म्हणजे ऊन आलं की ओढायचं आणि घाटात वारा भरला की काढायचं. पाण्याची कॅनव्हासची छागल बाहेरच्या अंगाला टांगली, वाऱ्याने पाणी गार राहतं. पायाशी हत्यारांची पिशवी: पाने, प्लग आणि त्याचा पाना, क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची वायर, ट्यूब, हवेचा पंप. जड वस्तू खाली तळाला, हलक्या मागे. ऑइलचा डबा वेगळा, कारण त्या स्कूटरला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं आणि प्रत्येक पंपावर ते मिळेलच असं नाही. कळण्याच्या भाकरी दोन दिवसांच्या. आणि एक जुनं नऊवारी लुगडं. ते कशाला? आजी म्हणाल्या, "आडोसा धरायला. रस्त्यात बाईला कुठे जागा असते?" आम्ही सगळ्या गप्प झालो. सहलीच्या सामानाच्या यादीत हे कुणी पुरुष लिहिणार नाही.

पण मुख्य गोष्ट पुढे आहे. घाट लागला तेव्हा मालकांनी सांगितलं, डावं वळण आलं की डाव्या अंगाला झुक. का? त्याचं कारण आम्ही एका जुन्या मिस्तरीकडून नीट समजून घेतलं. दुचाकी वळताना कलते. साइडकार लावली की ती कलू शकत नाही, तिघाडी होते. डावीकडे जोरात वळलं की डब्याचं चाक जमिनीवरून उचलायला लागतं. डबा रिकामा असेल तर गाडी उजवीकडे पालथी होण्याची भीती. डब्यात माणूस असेल आणि तो डावीकडे झुकला तर चाक जमिनीला धरून राहतं. म्हणून एकट्याने साइडकारची गाडी नेताना जाणते लोक डब्यात वाळूचं नाहीतर धान्याचं पोतं ठेवत.

म्हणजे बघा, ती बसली नाही तर गाडी उलटते. बैलगाडीतल्या आत्यासारखंच.

मिस्तरीने आणखीही सांगितलं. डब्याचं चाक गाडीच्या चाकांशी अगदी समांतर लावत नाहीत, पुढच्या बाजूने किंचित आत वळवतात, नाहीतर गाडी सारखी डावीकडे ओढते. गाडीही किंचित बाहेरच्या बाजूला कललेली ठेवतात, म्हणजे माणूस बसल्यावर ती सरळ येते. ही जुळवणी भार टाकून करायची, रिकाम्या डब्यावर नाही. वेग वाढवला की गाडी डाव्या अंगाला ओढते, ब्रेक मारला की उजव्या. नवा चालवणारा पहिल्या दिवशी हमखास कुंपणात जातो. आजींच्या मालकांनी आठ दिवस मैदानात सराव केला होता, डब्यात आजींना बसवूनच.

आम्ही आजींना विचारलं, तुम्ही कधी चालवली का? "मला कुणी विचारलं नाही, आणि मीही मागितली नाही," एवढंच त्या म्हणाल्या. एफी आणि थेरेसाची गोष्ट ऐकल्यावर मात्र त्यांनी आम्हाला ती दोनदा सांगायला लावली.

मग हा डबा गेला कुठे? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, ज्यांना परवडली त्यांनी घेतली. 1985 च्या सुमाराला हिरो होंडासारख्या कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या. त्यांना डबा कोण जोडणार? डब्याने अ‍ॅव्हरेज कमी होतं, अरुंद रस्त्यात जागा लागते. आणि बाई शेजारून उठून मागे गेली. मागे, आणि तीही एका अंगाला पाय सोडून, एका हातात पिशवी, मांडीवर लेकरू.

मैत्रिणींनो, आम्हाला मन मोकळं करायचं ते इथे. आमच्याच गटातली एक जण हळदीच्या कार्यक्रमाहून परत येताना मोटारसायकलवरून पडली. गतिरोधक आला, धक्का बसला, धरायला काही नव्हतं. दुसऱ्या एकीचा पदर चाकात गेला. ती वाचली, पण मानेवरचा वळ अजून आहे. अशी एखादी तुमच्या गावातही असेलच.

कायद्याने या गोष्टीचा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, यातला 123 क्रमांकाचा नियम सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं आवरण हवं, म्हणजे कपडा चाकात अडकणार नाही. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. नवी गाडी घेताना ते मिळतं. पण पोरं 'दिसायला बरं नाही' म्हणून काढून ठेवतात आणि आई त्याच गाडीवर बसते. घरी गेल्यावर आधी गाडीचं डावं अंग बघा. साडीगार्ड आहे का, पायाची पट्टी हलते का, मूठ सैल आहे का. नसेल तर लावून घ्यायला सांगा, मागे बसायचं तुम्हाला आहे. आणि हेल्मेट मागच्यालाही लागतं, हे कलम 129 मध्ये लिहिलेलं आहे.

एक इशारा मात्र देतो. हा कार्यक्रम ऐकून कुणी गावातल्या वेल्डरकडून डबा जोडून घेऊ नका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आर.टी.ओ.कडून परवानगी आणि आर.सी.वर नोंद लागते, एम.एच. 18 असो की एम.एच. 19. आणि जोडणी चुकली तर काय होतं ते वर सांगितलंच. बिननोंदीच्या गाडीला अपघात झाला की विम्याचीही अडचण होते.

आजींची गाडी गडाच्या पायथ्याला नांदुरीला सुखरूप पोचली होती. येताना मालेगावच्या अलीकडे डब्याचं चाक पंक्चर झालं, ते स्टेपनी लावून आले. स्कूटर पुढे विकली, डबा मात्र कुणी घेतला नाही. बरीच वर्षं तो गोठ्यात होता, त्यात कडब्याची कुट्टी भरून ठेवत. आजी म्हणतात, कुट्टी काढताना त्या अजूनही त्या खोलगट जागेवर हात फिरवून बघत असत.

यंदा गडावर आपल्या गटाची पिकअप जाणार आहे, नावं पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायची. मागे बसायला आडव्या फळ्या आणि धरायला दोर लावून घ्यायचं ड्रायव्हरशी बोलून झालं आहे. पण पिकअप ही मालाची गाडी, माणसं न्यायला तिला परवानगी नसते, असं काल एकीने लक्षात आणून दिलं. म्हणून एस.टी.च्या आगारात खास गाडीची चौकशी करायला दोघी जणी सोमवारी जाणार आहेत. आणि तुमच्या घरी साइडकारमधला जुना फोटो असेल, सासूचा, आईचा, आत्याचा, तर येताना घेऊन या. आडोशाचं लुगडं आजी आणणार आहेत.